दाढेची बोली

नवी दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटच्या दिशेने एक रुंद, सावलीचा रस्ता निघतो. इंग्रजी अमदानीत त्यास लिटन रोड म्हणत. आज त्याचे नाव कोपर्निकस मार्ग असे आहे. कामानिमित्त राजधानीत येणाऱ्या कित्येक मराठी माणसांची जीभ हे नाव उच्चारताना किंचित अडखळते, परंतु पत्ता मात्र त्यांना तोंडपाठ असतो. कारण जुने महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. कमानी सभागृह आणि दूरदर्शनचे भवनही येथेच. बडोद्याच्या गायकवाडांसाठी लट्यन्सने बांधलेला बडोदा हाउस हा प्रासादही याच मार्गावर असून त्यात आता उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे. त्या मुख्यालयाच्या लेखा विभागात मी 32 वर्षे नोकरी केली. माणसाच्या तोंडात दात जितके, नेमकी तितकी वर्षे, असे आमच्या कचेरीतले एक मिस्कील गृहस्थ निरोपसमारंभात म्हणाले होते, आणि सारी सभा हसली होती.

इतकी वर्षे त्या नावाखालून ये-जा केली, पण ज्याने पृथ्वीला सूर्याभोवती फिरविले तो ज्योतिषी, यापलीकडे त्या माणसाविषयी मी कधी चौकशी केली नव्हती. पुढे वाचनात आले, की 1473 साली पोलंडमधील तोरून या गावी जन्मलेल्या या पुरुषाने इटलीत पादुआ येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले होते. तारे पाहणे हा त्याचा रात्रीचा उद्योग. एरवी तो धर्मपीठाचा कारभार पाही आणि आजाऱ्यांना औषध देई. आपल्या बिशप मामाचा तर तो घरचाच वैद्य होता. आकाशाचे गणित सोडविणाऱ्या माणसाने कुणाच्या पोटदुखीवर काढा उगाळून द्यावा, ही गोष्ट मला फार आवडली.

या वैद्याच्या देशात जाण्याचा योग 2023 सालच्या शरदऋतूत आला. माझी मुलगी व जावई वॉर्सा येथे नोकरी करतात. तीन महिने त्यांच्याकडे राहावे, नातीला गोष्टी सांगाव्यात, थंडी कडक होण्यापूर्वी परतावे, असा साधा बेत होता. जाताना एक गोष्ट मात्र मी साध्या मनाने केली नव्हती, आणि ती कोणती हे कळण्यासाठी आपणास माझ्या प्रकृतीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे.

मी मूळची कोल्हापूरची. बालपणी घसा धरून आलेल्या आणि मग सांधे सुजविणाऱ्या एका ज्वराने मला ग्रासले. डॉक्टर त्यास ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. सांध्यांना तो चाटून जातो आणि हृदयाला चावून जातो, असे त्याच्याविषयी वैद्यकातले जुने वचन आहे. माझ्याही हृदयाची डावीकडील झडप त्याने हळूहळू निकामी केली, आणि 1998 साली शस्त्रक्रिया करून तेथे कृत्रिम झडप बसवावी लागली. ती झडप उत्तम काम करते. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रोज सायंकाळी असेनोकुमारॉल नावाची गोळी घ्यावी लागते. तिने रक्त गोठण्याचा वेग मंदावतो. अशा माणसाच्या तोंडात काही कापाकापी करावयाची म्हणजे दोन संकटे एकदम उभी राहतात. एक, रक्त लवकर थांबत नाही. दुसरे अधिक वाईट. हिरडीतले जंतू रक्तात शिरून त्या कृत्रिम झडपेवर ठाण मांडतात आणि तेथे जो दाह होतो तो प्राणावर बेततो. म्हणून दंतवैद्याच्या खुर्चीत बसण्यापूर्वी माझ्यासारखीने तोंड उघडून बोलायचे, आणि मगच तोंड उघडून दाखवायचे, असा आमच्या डॉक्टरांचा दंडक आहे.

यासाठी मी निघण्यापूर्वी एक कार्ड लिहून घेतले होते. पोस्टकार्डाएवढे, जाड, दोन्ही बाजूंनी मजकूर असलेले. त्यावर औषधांची नावे दुकानदारी नव्हेत, तर मूळ नावे लिहिली होती. हा सल्ला माझ्या दिल्लीच्या डॉक्टरांचा, आणि तो मी आपणासही अगत्याने देते. एकच गोळी मुंबईस एका नावाने, तर मॉस्कोस दुसऱ्या नावाने विकली जाते. परंतु औषधांना सर्व जगात चालेल असे एक सामाईक नाव असावे म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने त्यांची यादी सुरू केली. पहिली यादी 1953 साली प्रसिद्ध झाली. त्या यादीने किती परक्या गावी किती परक्या माणसांचे प्राण वाचविले असतील, याची मोजदाद कोण ठेवणार?

वॉर्सास पोहोचल्यावर मुलीने मला शब्दांची शिदोरी दिली. "आई, इथे 'ताक' म्हणजे होय," ती म्हणाली, "आणि 'न्ये' म्हणजे नाही. पण इंग्रजीतला 'नो' चुकूनसुद्धा तोंडातून काढू नकोस. इथली माणसं बोलताबोलता 'नो, नो' म्हणतात, त्याचा अर्थ 'हो, हो, बरोबर' असा होतो." दुसरी ताकीद 'पानी' या शब्दाविषयी. दिल्लीत जन्म काढलेल्या माणसाला पानी म्हटले की पेलाच आठवतो. पोलिश भाषेत मात्र ते बाईमाणसाचे आदरार्थी संबोधन आहे. आपण कशा एखाद्या वडीलधारीस 'तू' न म्हणता 'बाई, आपण बसावे' म्हणतो, तसे तेथील लोक अनोळखी स्त्रीशी तृतीयपुरुषात, 'पानी'च्या आडून बोलतात. अदबीचा हा मार्ग मला एकदम घरचा वाटला.

आणि तिसरा शब्द होता 'बोली'. दुखते, या अर्थी पोलिश लोक 'बोली' म्हणतात. दाताला त्यांचा शब्द 'झोंप'. तेव्हा 'झोंप बोली' म्हणजे दात दुखतो! आपल्या कानाला हे गमतीचे वाटेल, पण भाषापंडित सांगतात, की हा झोंप आणि संस्कृतातला जंभ हे एकाच मुळाचे आहेत. जंभ म्हणजेही दात किंवा दाढ. हजारो वर्षांमागे कुठेतरी एका शेकोटीभोवती बसून आपले आणि त्यांचे पूर्वज एकाच शब्दाने एकाच दुखण्याची तक्रार करीत असावेत.

ही शिदोरी इतक्या लवकर सोडावी लागेल असे मात्र वाटले नव्हते. ऑक्टोबरातल्या एका रात्री उजवीकडच्या खालच्या दाढेने बोलण्यास प्रारंभ केला. वीस वर्षांपूर्वी मुळापर्यंत उपचार करून टोपी चढविलेली ती दाढ. सकाळी आरशात पाहिले तर गाल वर आलेला, आणि अंगात थोडी कणकण. आता या कणकणीचा अर्थ इतरांस एक आणि मला दुसरा. जावई पुण्यास गेले होते, मुलगी कचेरीच्या कामासाठी पहाटेच्या गाडीने ग्दान्स्कला गेली होती आणि दिवसभर सभेत असल्याने तिचा फोन बंद होता. नातीला शाळेत पोहोचवून मी तशीच, घराखालच्या रस्त्यावर ज्या दाराशी दाताचे चित्र पाहिले होते, त्या दाराशी गेले.

आम्ही राहत होतो तो भाग ओखोता या नावाचा. जुन्या वस्तीतल्या इमारतीच्या तळमजल्यावर, एका बाजूस पाववाला आणि दुसऱ्या बाजूस फुलवाली, यांच्यामध्ये तो दवाखाना. आत शिरताच मी सवयीने पादत्राणे काढू लागले, तोच बाकावरच्या एका आजोबांनी निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांची टोपली पुढे केली. त्या जोड्यांवर चढवायच्या असतात. आत येणाऱ्या प्रत्येकाने बसलेल्या सर्वांना 'जेन् दोब्री' असे म्हणून अभिवादन करावयाचे, हाही तेथला शिरस्ता. मी तो पाळला, आणि चार अपरिचित दुखऱ्या गालांनी मला प्रत्युत्तर दिले. पण सर्वांत आधी ओळख पटली ती वासाची. लवंगेचा वास! दंतवैद्यांच्या कित्येक मसाल्यांत लवंगतेलाचा अर्क असतो, म्हणून दवाखाना कुठल्याही देशातला असो, त्याला आपल्या आजीच्या औषधी डब्याचा वास येतो. पोलिश भाषेत लवंगेला 'गोझ्जिक', म्हणजे छोटा खिळा म्हणतात. लवंग हातात घेऊन पाहावी, नाव किती अचूक आहे ते कळते.

डॉक्टरीणबाई साठीच्या आसपासच्या होत्या. हल्लीची तेथील तरुण मंडळी इंग्रजी उत्तम बोलतात. परंतु या पिढीने शाळेत रशियन शिकलेली. इंग्रजी जाणणारी त्यांची मदतनीस मुलगी दुपारनंतर येणार होती. तेव्हा बाईंजवळ इंग्रजीचे दहापंधरा शब्द, माझ्याजवळ पोलिशचे तितकेच, आणि मध्ये ठणकणारी एक दाढ.

आपण म्हणाल, हल्ली हातातल्या फोनात भाषांतराचे यंत्र असते, मग अडले कुठे? मीही तोच आधार घेतला. "माझ्या हृदयात कृत्रिम झडप आहे," असे मी फोनला मराठीत सांगितले, आणि फोनने खणखणीत पोलिशमध्ये काहीतरी म्हटले. बाईंच्या भुवया वर चढल्या. "झावाऊ?" त्यांनी छातीवर मूठ आवळून विचारले. त्या मुद्रेवरून मला उमगले, की त्या हृदयविकाराचा झटका आला होता का, असे विचारीत आहेत. आपल्या मराठीत झडप जशी दाराला असते तशी घारीलाही असते. यंत्राने बहुधा माझ्या हृदयावर कुणाला तरी झडप घालावयास लावली होती! "न्ये," मी म्हणाले. बाई थांबल्या. हाताने 'पाहू तर आधी' अशी खूण करून त्यांनी दिवा ओढला, आरसा घेतला, आणि मी तोंड उघडले.

येथे एक विलक्षण गोष्ट घडली. धातूची वा कार्बनची झडप ज्यांच्या छातीत आहे त्यांना ठाऊक असते, की शांत खोलीत तिची टिकटिक बाहेर ऐकू येते, आणि तोंड उघडे असले म्हणजे ती अधिकच स्पष्ट होते. रात्री माझ्या नातीला ती ऐकत झोपावयास आवडते. बाई माझ्या तोंडावर वाकल्या, क्षणभर निश्चल झाल्या, त्यांनी स्वतःच्या मनगटावरील घड्याळ कानाशी नेले, मग भिंतीकडे पाहिले. भिंतीवरचे घड्याळ विजेचे, मुके होते. पुन्हा माझ्याकडे वाकल्या. मी बोट छातीवर ठेवले. त्यांनी हातातला आरसा तत्काळ खाली ठेवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला तो मी विसरणार नाही. "झास्ताफ्का!" त्या उद्गारल्या. झडपेला त्यांचा शब्द हा. मी पर्स उघडून कार्ड पुढे केले.

त्या कार्डावर इंग्रजी मजकूर होता, पण बाई इंग्रजी वाचतच नव्हत्या. त्या त्यातल्या लॅटिन आणि ग्रीक हाडांवर बोट ठेवीत चालल्या होत्या. 'मायट्रल' या शब्दापाशी त्यांचे बोट थांबले. पोलिशमध्ये तो 'मित्राल्ना' होतो. बिशपच्या माथ्यावरच्या दुटोकी मुकुटाला मायटर म्हणतात, त्याच्या आकारावरून या झडपेचे नाव पडले आहे. असेनोकुमारॉल या नावापाशी तर त्यांनी मान डोलाविली. ते औषध पोलंडातही कित्येक वर्षे घरोघरी चालत आलेले आहे. शेवटच्या ओळीत 'अ‍ॅमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम' असे लिहिले होते. त्याखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली व माझ्याकडे पाहून "ताक" म्हणाल्या. हा शब्द मला त्या दिवशी कोल्हापुरातल्या उन्हाळ्यातल्या ताकाइतकाच गार वाटला.

यापुढचे सारे संभाषण आकड्यांत झाले. हिशेब खात्यात आयुष्य गेलेल्या बाईला याहून सोयीचे काय असणार? आपणास कदाचित ठाऊक नसेल, पण जगातल्या बहुतेक दंतवैद्यांनी आपल्या दातांना क्रमांक दिलेले आहेत. तोंडाचे चार भाग करावयाचे: वरचा उजवा पहिला, वरचा डावा दुसरा, खालचा डावा तिसरा, खालचा उजवा चौथा. मग मधल्या रेषेपासून मागे मोजीत जावयाचे, पटाशीचा पहिला दात एक, सुळा तीन, अक्कलदाढ आठ. माझी दाढ खालच्या उजव्या भागातली सहावी, म्हणून तिचे नाव चार-सहा. बाई म्हणाल्या "च्तेरी, शेश्च्", आणि मला त्यात चत्वारि आणि षट् स्पष्ट ऐकू आले. पोलिश लोक घरातही सहाव्या दाढेला 'शुस्तका' म्हणतात, जणू आपले षट्कच. आणि अक्कलदाढेला नुसते 'आठवी' म्हणतात. मात्र 46 असे जोडून म्हणावयाचे नसते. ते दोन वेगळे अंक आहेत. आपण मराठीत शेहेचाळीस म्हणताना सहाला आधी बोलावतो आणि चाळीसला मागून. तसे केले तर भलत्याच दातावर संक्रांत येईल.

क्ष-किरणाच्या चित्रात दाढेच्या मुळाला उभी चीर पडलेली दिसत होती. बाईंनी कागदावर दाढ काढली, चीर काढली, आणि शेवटी तिच्यावर फुली मारली. काढणे भाग होते. मुळाशी पू असताना परतीच्या तारखेची वाट पाहणे माझ्या झडपेस परवडणारे नव्हते. पण आज नाही. त्यांनी कागदाच्या शिरोभागी 'आय एन आर' ही तीन अक्षरे लिहिली. ही रक्त गोठण्याच्या वेगाची तपासणी; तिचे नाव व तिचे माप सर्वत्र एकच आहे, आणि ते तसे एक असावे म्हणूनच मुळी ते माप योजले गेले. असल्या झडपेच्या रोग्याचा हा आकडा अडीच ते साडेतीनच्या दरम्यान ठेवतात. पूर्वी दात काढावयाचा म्हटला की ही गोळी चार दिवस बंद करीत. आता साध्या दातासाठी ती सहसा बंद करीत नाहीत. कारण रक्त थोडे अधिक वाहिले तर ते दाबून थांबविता येते, पण झडपेवर धरलेली गुठळी मेंदूकडे निघाली तर तिला कोण थांबविणार? बाईंनी गोळीचे चित्र काढून त्याखाली 'ताक' लिहिले. मग दुखण्यावरची औषधे: पॅरासिटामॉलपुढे 'ताक', आयबुप्रोफेनवर ठळक फुली. ते औषध या गोळीबरोबर घेतले तर रक्तस्राव वाढतो. वैद्यकीय सल्ल्याचे संपूर्ण व्याख्यान एका कागदाच्या पाठीवर मावले होते.

शेजारच्याच प्रयोगशाळेत रक्त दिले. दुपारी उत्तर हाती आले ते असे: 2,9. लेखा विभागातल्या माणसाचा डोळा स्वल्पविरामाशी थबकतो. आमच्याकडे स्वल्पविराम हजारांचा आणि लाखांचा द्वारपाल. तेथे मात्र दशांशाच्या ठिकाणी टिंबाऐवजी स्वल्पविराम देतात. म्हणजे आकडा दोन पूर्णांक नऊ दशांश. उत्तम. बाईंनी दुसऱ्या दिवसाची वेळ लिहून दिली होती त्यातही एक खाच होती: पोलिश हस्ताक्षरात एकाच्या डोक्यावर अशी लांब शेपटी काढतात की तो आपल्याला सातासारखा दिसावा, आणि खऱ्या साताच्या पोटातून आडवी रेघ काढतात. तो आकडा 17 असा होता. सायंकाळचे पाच! रेल्वेच्या माणसाला चोवीस तासांचे घड्याळ शिकवावे लागत नाही.

औषधाच्या दुकानाला ते 'आप्तेका' म्हणतात. पोलंडात 2020 पासून औषधाच्या चिठ्ठ्या संगणकावरच लिहितात. तेथला रहिवासी आपला नागरिक क्रमांक आणि चार आकडी संकेत सांगतो व औषध घेऊन जातो. परदेशी पाहुण्याजवळ तो क्रमांक नसतो, म्हणून बाईंनी मला छापील कागद दिला होता. दुकानातल्या तरुणाने तो वाचला, पुडके काढले आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, "एक तास आधी, सर्व एकदम." दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी पूर्ण वाक्य बोलले होते. मला उगाचच थोडे चुकल्यासारखे वाटले.

रात्री मुलगी परतली ती घाबरी होऊन. "आई, अगं मला निरोप तरी ठेवायचास! तिला गोळीचं सांगितलंस का? झडपेचं?" मी तो कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो दोनदा वाचला, आणि मग काही न बोलता चहा टाकला. दुसऱ्या दिवशी सायंकाळी ती सोबत आली आणि तिच्या पोलिशमध्ये तिने सारे पुन्हा विचारले. बाईंनी शांतपणे उत्तरे दिली. बाहेर येऊन मुलगी म्हणाली, "तुमचं सगळं ठरलंच होतं की." मग ती बाकावर बसली आणि मी आत गेले.

दाढ काढण्याचे वर्णन करून आपला जेवणाचा वेळ मी बिघडविणार नाही. बाईंनी बधिरतेच्या औषधाची काचेची नळी आधी माझ्या डोळ्यांपुढे धरली. त्यावर आर्टिकेन लिहिले होते. आपल्याकडे बहुधा लिडोकेन देतात. ते स्वीडनमध्ये 1943 साली प्रथम तयार झाले. घराणे एकच, दोन्ही 'केन'कारान्त. डावा हात उंचावला की थांबावयाचे, असा आमचा करार झाला. काही वेळाने त्यांनी हिरडीला टोचून विचारले, "बोली?" मी म्हणाले, "न्ये." आणखी थोडे खोल. "बोली?" हात वर. त्या थांबल्या, पुन्हा औषध दिले, घड्याळाकडे बोट दाखवून पाच मिनिटे वाट पाहिली. घाई नाही, कपाळाला आठी नाही. भाषा अपुरी असली की माणूस दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे फार लक्षपूर्वक पाहतो. माझ्या स्वतःच्या शहरात माझी संपूर्ण वाक्ये ऐकणाऱ्या कित्येक डॉक्टरांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलेले मला स्मरत नाही.

दाढ दोन तुकड्यांत निघाली. खळग्यात विरघळणारा स्पंज, वर टाके, त्यावर रक्त थांबविणाऱ्या औषधात भिजविलेली घडी. ती दाबून धरावयाची. शेजारी पाण्याचा पेला होता. बाई म्हणाल्या, "प्रोशे पानी, न्ये..." आणि पुढचा अवघड शब्द सोडून देऊन त्यांनी आपला तळहात पेल्यावर झाकणासारखा ठेवला. चूळ भरायची नाही. ती नवी गुठळी धुऊन गेली तर रक्त पुन्हा वाहू लागेल. मुलीची ताकीद नसती, तर पानी हा शब्द ऐकून दिल्लीकर हात कुठे गेला असता हे सांगावयास नको. अर्धा तास त्यांनी मला तेथेच बसवून ठेवले, दोनदा घडी उचलून पाहिले, आणि मगच बाहेर सोडले.

त्या सायंकाळी तोंड मिटून बसणे भाग होते, आणि मिटल्या तोंडाने माणूस जुन्या गोष्टी आठवतो. माझे वडील कोल्हापूर–मिरज मार्गावर रेल्वेत गार्ड होते. कोल्हापूरपासून जवळच वळिवडे नावाचे ठिकाण आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियात हद्दपार झालेली आणि पुढे इराणमार्गे बाहेर पडलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसे, बहुतांशी स्त्रिया व मुले, 1943 ते 1948 पर्यंत तेथील छावणीत राहिली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता. त्यांतली काही कोल्हापूरच्याच मातीत विसावली. त्यांच्या कबरी तेथे आहेत. मंडळी गेल्यावर त्या जागी सिंधी निर्वासित बांधव आले आणि गांधीनगर वसले. वडील सांगत, की गोरी मुले फलाटावर उभी राहून गाडीला हात करीत आणि एखाद्या म्हातारीची गठडी वर चढवून दिली तर ती 'जेंकुये' म्हणे. तो शब्द वडिलांनी घरी आणला. आईने चहाचा पेला हाती दिला की ते गंभीरपणे 'जेंकुये' म्हणत, आणि आम्हा भावंडांना तो कानडी शब्द वाटे.

वळिवड्याच्या त्या बायकांचेही दात दुखले असतीलच. बाजारात, टांग्यात, पोस्टाच्या खिडकीशी त्यांनीही गालावर हात ठेवून, बोटे मोजून, चित्रे काढून आपले निभावून नेले असणार, आणि समोरच्या कोल्हापुरी माणसाने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले असणार. वॉर्सात आता कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. आणि नवानगरच्या जामसाहेबांनी पोलिश मुलांना आसरा दिला म्हणून 'भल्या महाराजांचा चौक' या नावाची एक हिरवी जागा तर आमच्या त्या ओखोता भागातच आहे. नातीला घेऊन मी तेथे पुष्कळदा बसत असे.

सातव्या दिवशी टाके काढावयाचे होते. ताप नव्हता, गाल उतरला होता, रक्ताचा आकडा 2,8. बाईंना मी कार्डाची मागची बाजू दाखविली. तेथे माझ्या निवृत्तिपूर्व कचेरीचा पत्ता होता. त्यांनी तो अक्षरे जुळवीत वाचला, थांबल्या, आणि पुन्हा वाचला. "कोपेर्निक?" त्यांनी विचारले. "दिल्ली?" मी म्हणाले, "ताक. रस्ता. मोठा." त्या मोठ्याने हसल्या आणि बाहेरच्या मुलीला हाक मारून त्यांनी ते तिला दाखविले.

मग त्यांनी पेन्सिल उचलली, माझ्याकडे वळल्या, स्वतःच्या गालावर बोट ठेवून "बोली?" म्हणाल्या, आणि भुवयांनी विचारले, की हे तुमच्या भाषेत कसे? मी सांगितले. त्यांनी ते आपल्या लिपीत लिहून घेतले, दोनदा पुटपुटल्या, दिवा ओढला आणि आरशाच्या दांड्याने त्या रिकाम्या जागेला हलकेच स्पर्श केला.

"दुख्ता का?"

"न्ये," मी म्हणाले.